कपलर बसला म्हणजे ईसीयू बसला असं नाही

"दोन्ही गाड्या सेमच आहेत ओ, हिचा ईसीयू काढून तिला लावला तर चालंल की नाही?" हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की म्हटलं एकदा नीट बसून सगळं लिहूनच टाकावं. ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा गाडीचा कॉम्प्युटर, आणि कपलर म्हणजे त्याला वायरिंग जोडणारा प्लग. मी कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला गाड्यांचं वायरिंग, स्कॅनिंग आणि ईसीयू रिपेअरचं काम करतो. उत्तर एका वाक्यात द्यायचं तर, कधी चालतो, बऱ्याचदा चालत नाही, आणि कधी कधी चालल्यासारखा वाटतो पण आतून गाडीची वाट लागत असते. मला काळजी ह्या शेवटच्या प्रकाराची आहे, कारण पहिल्या दोन्हीत निदान लगेच कळतं तरी.

उदाहरणाला फियाटचं १.३ लिटर मल्टीजेट डिझेल इंजिन घेऊया, कारण आपल्याकडं हे इंजिन माहीत नाही असा मिस्त्री सापडायचा नाही. १२४८ सीसी. मारुतीनं २००७ मध्ये स्विफ्टला डीडीआयएस म्हणून दिलं, मग डिझायर, रिट्झ, एसएक्स४, एर्टिगा, सियाझ. टाटानं इंडिका व्हिस्टा आणि मांझाला क्वाड्राजेट म्हणून दिलं, आणि फियाटच्या स्वतःच्या पुंटो, लिनिया तर होत्याच. टाटा-फियाटवाल्यांची इंजिनं आपल्या पुण्याजवळ रांजणगावला बनायची, मारुतीची तिकडं हरियाणात मानेसरला. बॉनेट उघडलं की सगळीकडं ओळखीचं दिसतं, तोच ब्लॉक, तीच टायमिंग चेन, तसाच ईसीयूचा डबा, कपलरपण बऱ्याच वेळा खट्टदिशी बसतो. म्हणून माणसाला वाटतं की एकच आहे सगळं.

पण ह्या इंजिनाचे मुळात दोन प्रकार आहेत. एक ७५ पीएस ताकदीचा, साधा टर्बो, स्विफ्ट, रिट्झ, व्हिस्टामध्ये असतो तो. दुसरा ९० पीएसच्या आसपासचा, एर्टिगा, एसएक्स४, मांझा, लिनिया वगैरे, त्याला व्हीजीटी म्हणजे आतल्या पात्यांचा कोन बदलणारा टर्बो. तो कोन ईसीयू एका सोलेनॉइडमार्फत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हमार्फत, व्हॅक्युमनं हलवतो. आता ७५ वाल्याचा ईसीयू ९० वाल्याला लावला तर त्या ईसीयूला हा टर्बो कसा चालवायचा ह्याची माहितीच नाही, तो त्या सोलेनॉइडला सिग्नल देणार कुठनं? मग एकतर पिकअप मेलेला, नाहीतर बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, भलतीकडंच. आणि उलटं केलं, ९० चा ७५ ला लावला, तर तो असलेल्या टर्बोकडनं नसलेलं काम मागत बसतो आणि चेक लाइट पेटवून लिंप मोडला, म्हणजे ताकद कमी करून कसंबसं चालायला, जातो.

इथं काही जण म्हणतात, बरं मग स्विफ्टचा स्विफ्टला लावतो. तिथं दुसरी भानगड आहे, बीएसची, म्हणजे भारत स्टेज ह्या सरकारच्या धुराच्या नियमांची.

एप्रिल २०१० मध्ये बीएस ४ आलं ते फक्त १३ शहरांत. आपल्याकडची त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर. सोलापूर त्या यादीत होतं हे लोकांना सांगितलं की खरं वाटत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा सगळं बीएस ३ वरच राहिलं, देशभर सगळीकडं बीएस ४ व्हायला एप्रिल २०१७ उजाडला. त्या मधल्या काळात कंपन्या एकाच मॉडेलच्या दोन्ही आवृत्त्या विकत होत्या. म्हणजे एकाच वर्षाची, एकाच रंगाची, एकाच मॉडेलची गाडी सोलापूर पासिंगची असेल तर बीएस ४ आणि कोल्हापूर पासिंगची असेल तर बीएस ३ असू शकते, आणि दोघींच्या ईसीयूतलं कॅलिब्रेशन, म्हणजे इंजिनाच्या सेटिंगचे आकडे, वेगळं. त्यात पुन्हा २०१३ पासून बीएस ४ गाड्यांना ओबीडी २, म्हणजे गाडीनं स्वतःचे दोष स्वतः ओळखायची सोय, सक्तीचं झालं, म्हणजे ईसीयूनं कशाकशावर लक्ष ठेवायचं ती यादीच वाढली. पुण्यातनं भंगारातला ईसीयू आणताना "२०११ ची स्विफ्ट" एवढंच सांगून आणला तर तो आपल्या गाडीचा निघेलच असं नाही. त्यामुळं मी वर्ष विचारत नाही, मॉडेल विचारत नाही, सरळ स्टिकरचा फोटो मागतो. स्टिकरवर हार्डवेअर नंबर असतो, बऱ्याच वेळा सॉफ्टवेअर नंबर असतो, गाडीच्या कंपनीचा पार्ट नंबर असतो. हार्डवेअर नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. "एकच आकडा फरक आहे ओ" असं म्हणून चालत नाही, त्या एका आकड्यात आतला ड्रायव्हर आयसी, म्हणजे बाहेरचे भाग चालवणारी चिप, बदललेला असू शकतो.

आता इमोबिलायझर, म्हणजे ओळखीची किल्ली नसेल तर इंजिन चालू होऊ न देणारी चोरीविरोधी सोय. ह्यावर जरा जास्त लिहितो, कारण नव्वद टक्के लोकांची गाडी इथंच अडकते असं म्हटलं तरी चालेल.

२०१९ च्या ऑगस्टचा महापूर कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला वेगळा सांगायची गरज नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हायवे बंद, गावंच्या गावं पाण्यात. पाणी उतरल्यावर आमच्याकडं गाड्यांची रांग लागली, सीटखाली गाळ, फ्यूज बॉक्समध्ये गाळ, आणि ईसीयूच्या कपलरमध्ये पिनांवर हिरवी बुरशी चढलेली. शिरोळ तालुक्यातले दोघं भाऊ आले, शेतकरी माणसं. थोरल्याची स्विफ्ट दारातच पाण्यात उभी राहिलेली, धाकट्याची स्विफ्ट त्या वेळी पाहुण्यांकडं होती म्हणून वाचलेली. दोन्ही डिझेल. थोरले म्हणाले, "माझ्या गाडीचा डबा मेलाय म्हणत्यात. ह्याचा काढून लावून बघा की, चालली तर तसलाच एक आणतो कुठनं तर." धाकटे काही बोलेनात, पण त्यांच्या तोंडावरनं कळत होतं की चालू गाडीला हात लावायला त्यांचं मन तयार नाही. आणि त्यांचं बरोबर होतं.

मी त्यांना थांबवलं आणि का थांबवलं ते सांगितलं. तुमच्या किल्लीच्या प्लास्टिकमध्ये एक बारकी चिप असते, तिला बॅटरी लागत नाही. किल्ली घालून इग्निशन ऑन केलं की लॉकभोवतीची कॉइल त्या चिपला करंट पुरवते, चिप आपली ओळख सांगते, इमोबिलायझरचं युनिट ती तपासतं, आणि मग ते युनिट आणि ईसीयू एकमेकांशी गुप्त कोडवर बोलतात. ओळख पटली तरच ईसीयू इंजेक्टरला, म्हणजे इंजिनात डिझेल सोडणाऱ्या भागाला, पल्स देतो. दुसऱ्या गाडीचा ईसीयू आणून लावला की तो म्हणतो ही किल्ली माझी नाही, हे युनिटपण माझं नाही. सेल्फ मस्त फिरतो, डिझेलचं प्रेशर बनतं, पण इंजिन काही पकडत नाही, आणि मीटरवर इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत राहतो. जुळे भाऊ दिसायला कितीही सारखे असू देत, अंगठा लावायची वेळ आली की मशीन दोघांना वेगळंच ओळखणार, तसला प्रकार आहे हा.

काही गाड्या एक-दोन सेकंद चालू होऊन बंद पडतात, फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांचं हे ठरलेलं लक्षण. तेवढ्यात चालू झाली म्हणून गिऱ्हाईक खूश होतं आणि मिस्त्री डिझेल फिल्टर, एअर लॉक शोधत बसतो. तिथं फिल्टरचा काही संबंध नसतो.

बरं, नुसतं "चालली नाही तर परत काढून ठेवू" एवढंच असतं तर काही बिघडलं नसतं. फियाटच्या गाड्यांत कोरा ईसीयू पहिल्यांदा ज्या गाडीला लागतो आणि ओळखीच्या किल्लीनं इग्निशन ऑन होतं, त्या गाडीचा कोड तो कायमचा लिहून घेतो. कायमचा म्हणजे कायमचा, साध्या स्कॅनरनं तो पुसला जात नाही. म्हणजे लिनियासाठी आणलेला नवा कोरा डबा कुणी "चालतोय का बघू" म्हणून शेजारच्या दुसऱ्या लिनियाला लावून बघितला, तर तो तिचाच होऊन बसला. आणि इकडं इमोबिलायझर सांभाळणारा बॉडी कॉम्प्युटर कोरा घातला असेल आणि त्यासमोर जुना दुसऱ्या गाडीचा ईसीयू ठेवला, तर ती जोडी तशीच बांधली जाते. म्हणून "चालू गाडीवर ट्राय करून बघणं" हा जो आपल्या गॅरेजमधला सवयीचा उपाय आहे, रिलेला चालतो, इग्निशन कॉइलला चालतो, सेन्सरलाही चालतो, तो ईसीयूला लावू नका. हात जोडून सांगतो. चालू असलेली गाडी बंद पडायची वेळ येते.

त्या थोरल्या भावांच्या गाडीचं मग काय केलं? आधी डबा उघडला. झाकण सीलंटनं चिकटवलेलं असतं, हीट गननं हळूहळू गरम करून, पातळ पट्टी फिरवत काढावं लागतं, घाई केली की आतला बोर्ड वाकतो आणि सिरॅमिक बोर्ड असेल तर तडकतोच. आत पाणी शिरलेलं, सप्लायच्या बाजूचे दोन ट्रॅक खाल्लेले, एका ड्रायव्हर आयसीचे पाय हिरवे. पण आठ पायांची जी बारकी मेमरी चिप असते, ईईप्रॉम, ती जिवंत होती. गाडीची ओळख, इमोबिलायझरचा कोड, शिकलेल्या व्हॅल्यू, असलं सगळं बऱ्याच ईसीयूत ह्या चिपमध्ये असतं, आणि इंजिन कसं चालवायचं तो प्रोग्रॅम फ्लॅश नावाच्या मेमरीत. दोन्ही वाचून घेतलं, दोनदा वाचून एकमेकांशी जुळवलं, कारण खराब बोर्डवरनं वाचताना एखादी बाइट इकडची तिकडं होते. मग त्याच हार्डवेअर नंबरचा भंगारातला ईसीयू शोधला, त्यावर हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. ह्याला क्लोनिंग म्हणतात. त्यानंतर तो डबा त्यांच्या गाडीला लावला तेव्हा गाडीच्या लेखी काही बदललंच नव्हतं, तीच किल्ली, तोच कोड, दिवा एकदा पेटला आणि विझला. धाकट्या भावांच्या गाडीचं बॉनेटसुद्धा उघडावं लागलं नाही.

माझं स्पष्ट मत आहे की जुन्या गाडीला परवडणारा आणि सरळ मार्ग हाच आहे. सेम नंबरचा डोनर, म्हणजे भंगारातला ईसीयू, आणि स्वतःच्या गाडीचा डेटा. इमोबिलायझर ऑफ करून देणारे लोक पण आहेत बाजारात, म्हणजे प्रोग्रॅममधनं तो भागच मारून टाकायचा. स्वस्तात होतं. मी ते करत नाही. चोरापासूनचं संरक्षण काढून गाडी गिऱ्हाईकाच्या हातात द्यायची आणि त्याला ते माहीतपण नाही, हे मला पटत नाही, आणि गाडी चोरीला गेली आणि इन्शुरन्सवाल्यांनी खोदून विचारलं तर तो माणूस काय सांगणार?

पेट्रोल गाड्यांचं त्या मानानं सोपं. त्यात इंजेक्टरचा कोड सहसा नसतो, थ्रॉटल आणि आयडलिंग परत शिकवलं की झालं, काही गाड्या स्वतःच शिकतात. फक्त कंपनी फिटेड सीएनजी असेल तर जपून, मारुतीच्या एस-सीएनजीत पेट्रोलचा आणि गॅसचा असे दोन ईसीयू एकमेकांशी बोलत काम करतात, साध्या पेट्रोल व्हेरियंटचा डबा तिथं आणून ठेवला तर त्यांचं जमत नाही.

डिझेलला मात्र इंजेक्टर कोडिंग विसरू नका. कॉमन रेल इंजेक्टर कारखान्यात बनला की त्याची तपासणी होते, कुठल्या प्रेशरला किती डिझेल सोडतो ते मोजतात, आणि तो फरक कोडच्या रूपात इंजेक्टरवरच छापतात. बॉशचा वेगळा, डेल्फीचा वेगळा आणि चांगला १६ अक्षरांचा लांबलचक. हा कोड ईसीयूत भरलेला असतो, म्हणून ईसीयूला माहीत असतं की दोन नंबरचा जरा जास्त सोडतो, त्याला थोडा कमी वेळ उघडा ठेवायचा. इमोबिलायझर जमवून दुसऱ्या गाडीचा ईसीयू लावला आणि कोड तसेच ठेवले तर तो तुमचे इंजेक्टर दुसऱ्याचे समजून चालवतो. गाडी चालू होते. आयडलला जरा थरथरते, सकाळी जरा ठोकते, चढाला धूर. गिऱ्हाईक म्हणतं जुनी गाडी आहे, असायचंच. आणि वर्षभरानं कुणीतरी इंजेक्टर उतरवायला लावतं. मी सुरुवातीला "चालल्यासारखा वाटतो" म्हटलं ते हेच. क्लोनिंग केलं तर हे कोड सोबत येतात, पण जुन्या ईसीयूचा डेटा वाचताच आला नसेल आणि स्टॉक फाइल, म्हणजे कंपनीचा मूळ कोरा प्रोग्रॅम, टाकली असेल तर इंजेक्टरच्या डोक्यावरचे कोड पुसून, आरशानं, मोबाइलचा कॅमेरा आत घालून वाचा आणि स्कॅनरनं भरा. सिलिंडरच्या नंबरप्रमाणं. हा वेळ वाचवू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे खरं तर आधी लिहायला हवं होतं पण गाडीवाले आधी ईसीयूचंच विचारतात. ईसीयू खरोखर गेलाय का ते बघा. माझ्याकडं "ईसीयू गेलाय" म्हणून येणाऱ्या गाड्यांत कितीतरी वेळा ईसीयू ठणठणीत असतो. मेन रिले जळका असतो, नाहीतर अर्थची वायर बॉडीला जिथं बोल्टनं आवळलेली असते तिथं गंज. मल्टिमीटरनं नुसती कंटिन्युटी बघून समाधान मानू नका, बारीक गंजातनंपण बीप येतो. सेल्फ मारत असताना बॅटरी निगेटिव्ह आणि ईसीयूची अर्थ पिन ह्यांच्यामध्ये व्होल्ट मोजा. तिथं अर्धा-एक व्होल्ट दिसला तर डब्याला दोष देऊ नका, वायर नीट करा.

दुसरं म्हणजे पाच व्होल्टची लाइन. ईसीयू स्वतः पाच व्होल्ट तयार करून सेन्सरना देतो, आणि बऱ्याचदा एकाच लाइनवर तीन-चार सेन्सर असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचा सप्लाय बसतो, स्कॅनरवर एकदम पाच-सात कोड येतात, ॲक्सिलरेटर पेडल, रेल प्रेशर, बूस्ट, सगळ्यांचा दोष एकदम. बघणाऱ्याला वाटतं की मेंदूच गेला. एकेक सेन्सरचा कपलर काढत जा आणि मीटर लावून बघत रहा, ज्याचा काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात तोच चोर. काही शे रुपयांच्या सेन्सरसाठी ईसीयू बदलून गेलेल्या गाड्या मी बघितल्यात, आणि नवा ईसीयू लावल्यावर पण तोच दोष कायम, कारण सेन्सर तिथंच बसलाय. एका ताईंची गाडी अशीच दुसरीकडनं आली होती, ईसीयूचे पैसे देऊन झालेले, दोष जसाच्या तसा. त्यांना खरं सांगताना मलाच वाईट वाटलं, कारण ते पैसे त्यांना परत कोण देणार?

बीएस ६ च्या गाड्यांबद्दल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या. इथं अदलाबदल जवळजवळ विसराच. डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी धरणारा फिल्टर, आला, त्यात किती काजळी साठली, किती राख साठली ह्याचा हिशोब ईसीयू ठेवतो. दुसऱ्या गाडीचा ईसीयू आला की दुसऱ्या फिल्टरचा हिशोब घेऊन येतो. त्याच्या लेखी फिल्टर रिकामा आणि प्रत्यक्षात भरलेला असेल तर रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळून टाकणं, वेळेवर होत नाही, उलटं असेल तर विनाकारण सारखं जाळत बसतो, डिझेल जास्त, ऑइल पातळ. वर नव्या ईसीयूंना प्रोसेसरमध्येच पासवर्ड, साध्या पद्धतीनं वाचूच देत नाहीत. जुन्यांत ईईप्रॉम वेगळी चिप होती म्हणून आम्ही ती वाचू शकलो, आता बरंचसं प्रोसेसरच्या पोटातच. प्रोसेसर मेला की डेटा गेला, मग कंपनीचा नवा ईसीयू आणि कंपनीच्या सर्व्हरवरनं ऑनलाइन कोडिंग, दुसरा मार्ग राहत नाही.

सुरक्षेसाठी कुलूप पाहिजे हे मला मान्य आहे, मी स्वतः इमोबिलायझर काढत नाही हे वर लिहिलंच. पण गाडी मालकाची आहे, आरसी त्याच्या नावावर आहे, तर कुलपाची किल्ली कायदेशीर मार्गानं त्याला किंवा तो म्हणेल त्या गॅरेजला मिळायला नको का? केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं काम हातात घेतलं, त्यात मोबाइल, घरातली उपकरणं, शेतीची यंत्रं आणि गाड्या असे चार विभाग धरले, पोर्टलपण आलं. माझी अपेक्षा फार मोठी नाही. मालकाची ओळख तपासा, गाडीची कागदं तपासा, फी घ्या, पण इमोबिलायझरचा पिन कोड आणि कोडिंगची सोय छोट्या गॅरेजला द्या. गगनबावड्याच्या माणसानं बंद पडलेला पिकअप टेम्पोवर घालून पुण्यापर्यंत न्यायचा आणि तिथं नंबर लावून बसायचं, त्यात त्याचा धंदा किती दिवस बंद राहतो ते बघा. ऊस, दूध, भाजी थांबत नाही कुणासाठी.

भंगारातनं डोनर घेताना एक काळजी. मुंबईत कुर्ल्याला, दिल्लीत मायापुरीला, आणि आता ऑनलाइनसुद्धा ढिगानं ईसीयू मिळतात. बिल घ्या, कुठल्या गाडीचा आहे ते विचारा, स्टिकर खरवडलेला असेल तर तिथंच परत ठेवा. उभ्या गाडीतनं ईसीयू चोरीला जातात, आणि तो माल कुठंतरी विकला जातोच. डबा हातात घेतला की चारी बाजूंनी सीलंट बघा, आधी कुणी उघडलाय का, पिना सरळ आहेत का, आणि नाकाजवळ नेऊन वास घ्या, जळका वास लपत नाही.

काम झालं की बिलावर लिहून द्या किंवा लिहून घ्या: जुना ईसीयू नंबर, नवा नंबर, डेटा क्लोन केला की स्टॉक फाइल, इंजेक्टर कोड भरले की नाही, आणि त्या दिवशीचं मीटरचं किलोमीटर. काही ईसीयूत किलोमीटरपण साठवलेले असतात, उद्या गाडी विकायची वेळ आली आणि घेणाऱ्यानं स्कॅनर लावला तर मीटरचा आकडा एक आणि ईसीयूचा दुसरा, मग प्रामाणिक माणूससुद्धा अडचणीत येतो. जुना डबा मागून घ्या, तो तुमचाच आहे, त्यात तुमच्या गाडीचा कोड आहे. जुन्या ईसीयूतनं वाचलेली फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्या, आम्ही न मागता देतो. आणि ज्यांची गाडी अजून धडधाकट आहे त्यांनी एवढं तरी करून ठेवा, आज बॉनेट उघडून ईसीयूच्या स्टिकरचा आणि दिसत असतील तर इंजेक्टरच्या कोडांचा स्वच्छ फोटो काढा आणि आरसीच्या फोटोसोबत मोबाइलमध्ये ठेवा, पाण्यात गेल्यावर स्टिकरवरची शाई सगळ्यात आधी जाते.